अर्धी मुळी

गडचिरोली
७ जुलै २००३

चि. नूतन,
जय भीम.

तीन वर्षांनी पत्र लिहितो आहे. अशा वेळी आधी तब्येतीची चौकशी करावी, मग पावसापाण्याचं लिहावं आणि शेवटी हळूच कामाचं काढावं, अशी रीत आहे. तू ही रीत ओळखून आहेस, त्यामुळे शेवटचं पान आधी वाचशील. म्हणून काम मध्येच कुठेतरी घालतो. सापडलं तर बघ.

माझी तब्येत पन्नाशीच्या संस्कृत प्राध्यापकाची असावी तशी आहे. गुडघे विसर्गासारखे झालेत, शेवटी येतात आणि आवाज करतात. यंदा बी. ए.ला संस्कृतचे तीन विद्यार्थी आहेत. एक पोलीस भरतीची वाट बघतो, एकीचं लग्न ठरत आलंय, आणि तिसरा खरंच शिकतो. काळजी त्याचीच वाटते.

तुझ्या प्रयोगशाळेत आता खेळाचं सामान ठेवतात. बाटल्या हलवायचं तुझं यंत्र तिथंच आहे, त्यावर व्हॉलीबॉलची जाळी पडलीय. बाटल्या अडकवायच्या चिमट्यांत कुणीतरी बॅडमिंटनची फुलं ओळीनं खोचून ठेवली आहेत. मांडणी बरी आहे. तू असतीस तर त्यांनाही नंबर घातले असतेस. मी त्या खोलीत फारसा जात नाही.

परवा नव्या प्राचार्यांनी विचारलं, "उंदिरवाडे सर, तुमची बहीण इथं नेमकं काय करत होती हो?" मी सांगितलं, सर्पगंधेच्या पानाला बारीक जखम करायची आणि तिथं मातीतला एक जंतू लावायचा. मग पानाला वेड लागतं, जखमेतून केसांसारखी मुळं फुटतात. ती कापून साखरपाण्यात सोडली की झाडावाचून वाढत राहतात. रक्तदाबाचं औषध मुळात असतं, तर मूळच वाढवायचं. जंगलातलं झाड उपटायला नको. "झाडाशिवाय मूळ?" म्हणाले. म्हटलं, हो, जुने नैयायिक असते तर त्यांनी बाटलीचं अस्तित्वच नाकारलं असतं. ते हसले नाहीत. वाणिज्य शाखेचे आहेत.

तर बशीर. आठवत असेलच. बसस्टँडमागे त्याचं शेगड्या आणि कुकर दुरुस्तीचं दुकान आहे. तुझं साखरपाणी कुकरमध्ये उकळून निर्जंतुक करायचं काम त्याचं होतं, आणि ते त्यानं नीट केलं नाही म्हणून सगळ्या मुळ्या कुजल्या, असं तुझ्या अहवालात आहे. त्याच बशीरकडे आता अर्ध्या गावाचे कुकर येतात. गावानं तुझा अहवाल वाचलेला दिसत नाही.

चंद्रपूरला एका सरकारी प्रयोगशाळेत परिचराची कायम जागा निघाली आहे. मुलाखत अठरा ऑगस्टला. वयाच्या अटीत तो यंदाच बसतो, पुढच्या वर्षी अर्जसुद्धा घेणार नाहीत. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचा दाखला लागतो, म्हणजे तुझा. ऑफिसातले गुणवंतराव म्हणतात, फाईलमध्ये "हयगय" असा शेरा आहे, तो असेपर्यंत कॉलेज काही देऊ शकत नाही. पण तू दोन ओळी लिहिल्यास तर चालेल. चार वर्षं प्रामाणिकपणे काम केलं, एवढंच लिही. चूक कुणाच्याही हातून होते. आणि त्या आठवड्यात काय बिघडलं, हे आता नक्की कोण सांगणार?

जेवणात हयगय करू नकोस. हा शब्द आपल्या घरात आधीपासून होता, बशीरमुळे आलेला नाही.

तुझा,
भाऊ


गडचिरोली
२४ जुलै २००३

चि. नूतन,
जय भीम.

पत्र मिळालं. टाईप केलेल्या चार ओळी आणि सही. सूत्रं लिहिणाऱ्यांनाही लाजवलंस.

"बशीरनं माझी चार वर्षं कुजवली. मी खोटा दाखला देणार नाही. प्रयोगशाळा बंद करण्याच्या सभेत आपण गप्प बसलात, हेही मी विसरलेली नाही." मला "आपण" म्हणालीस. शाळेतून येताना भर रस्त्यात "ए भाऊ, माझं दप्तर धर" म्हणून ओरडणारी पोरगी. आदर फार लागतो गं. दप्तर हलकं होतं.

सभेचं तुझं खरं आहे. तू एक वर्षाची मुदत मागितलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि मी समोरच्या बशीतलं बिस्कीट उचललं. तुझ्या कामाचा मला कंटाळा होता असं तुला वाटतं. तसं नव्हतं. पण ते राहू दे.

बशीरला सांगायला दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक टपरीच, पुढे तो बसतो, आत त्याची बायको नजमा रबराच्या रिंगा मापानं लावून ठेवते.

"मॅडमचं काई आलं का सर?"

"आलं. देत नाही म्हणते."

त्यानं हातातलं झाकण उजेडात धरून पाहिलं. "बराबर आहे त्यायचं. माझ्याच हातानं झालं असन."

"असन म्हणजे? तू तर वीस मिनिटं ठेवला म्हणाला होतास."

"ठेवला होता ना. पण शेगडी होती लाईनवरची. मधात लाईन गेली. पुन्हा आली तं मी नव्यानं वीस मोजले का आधीचे धरले, हे मले काई केल्या आठवत नाई. किती डाव मनात तो कुकर लावून पाह्यला, सर. शेवटी झाकण उघडतो तं तेच."

आतून नजमा म्हणाली, "तीन साल झाले हेच चालू आहे. घरी भात लावला तरी हा माणूस घड्याळ घेऊन बसते. पाहुणे हसतात."

"हसू दे," बशीर म्हणाला. "भात तं कच्चा नाई राह्यत."

मग त्यानं मला चहा पाजला. चहा चांगला होता. हे मी का लिहितो आहे, ठाऊक नाही.

नूतन, समज, उद्या कुणी सांगितलं की कुकर अगदी नीट लागला होता, दोष दुसऱ्याच कुणाचा होता, तर तू दाखला देशील का? हा नुसता पूर्वपक्ष आहे. शास्त्रात आधी समोरच्याचं म्हणणं मांडून बघतात, तसं. तेवढं कळव.

तुझा,
भाऊ


गडचिरोली
२ ऑगस्ट २००३

नूतन,

उत्तर नाही आलं. पूर्वपक्षाला उत्तर द्यायला तू बांधलेली नाहीस. तेव्हा सिद्धांत मीच लिहितो. मध्ये थट्टा आली तर ती सवय समज, मनात नाही.

त्या आठवड्यातला शनिवार. तू नागपूरला गेली होतीस, बशीर दुपारीच घरी गेला होता. लाईन गेली तर बघावं म्हणून किल्ली माझ्याकडे. तीनच्या सुमाराला धानोऱ्याकडची अंजनाबाई आली. जिनं तुला सर्पगंधेची झाडं दाखवली, आयुष्यभर जंगलातून मुळ्या काढून वैदूंना देत आली, ती. "एकदा येऊन तुझी मुळी बघून जा" असं तूच तिला म्हणाली होतीस. ती बसनं आली होती, पिशवीत माझ्यासाठी काकड्या.

मी तिला बाटल्या दाखवल्या. सात नंबरची हातात दिली, कारण सात नंबर सगळ्यांत जोरकस हे मी तुझ्या तोंडून रोज ऐकत होतो.

"ह्या माह्या मुळ्या?"

"तुमच्याच."

"पांढऱ्याफक्क हाये. माती कुठी गेली?"

"मातीच लागत नाही, बाई. हीच तर गंमत."

तिला गंमत वाटली नाही. बाटली खिडकीशी नेऊन तिनं फिरवून पाहिली. "मास्तर, चाखल्याबिगर मी हिले सर्पगंधा कशी म्हणू? पांढरं तं काईही असते. जिभेले लागली पायजे."

"मॅडम रागावेल."

"तुमची बहीण हाय का मास्तरीण हाय?"

"दोन्ही आहे, म्हणून तर."

ती हसली, मीही हसलो, आणि कापसाचा बोळा काढला. ज्योत पेटवली नाही, चिमटा तापवला नाही. टेबलावर पडलेल्या चिमट्यानं एक मुळी ओढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती दातानं मध्येच तोडली. अर्धी चघळत उभी राहिली आणि उरलेली अर्धी माझ्यापुढे धरली. "हे वापस लावा."

म्हटलं, "आता नको, बाई, टाकून देऊ."

"अख्खी मुळी आमी घेत नाई जी. अर्धी काढाव, अर्धी मातीत वापस द्याव. नाईतं जागा रुसते, पुढच्या साली काईच देत नाई."

मला ते इतकं सुंदर वाटलं, नूतन. आम्हा संस्कृतवाल्यांचं हेच होतं. काही सुंदर वाटलं की विचार थांबतो. मी ती दातानं तोडलेली अर्धी मुळी तिच्यासमोर बाटलीत सोडली, बोळा लावला, बाटली यंत्रावर जागच्या जागी अडकवली. ती समाधानानं बसला गेली.

मला वाटलं होतं, इतक्या बाटल्यांतली एक. सोमवारी सांगेन, तू रागावशील, मग हसू. दुसऱ्या दिवशी सकाळीच तू येऊन, बाकीच्या कमजोर बाटल्या काढून टाकून, त्याच एका बाटलीतल्या मुळ्या चाळीस नव्या बाटल्यांत वाटणार आहेस, आणि राखीव म्हणून ठेवलेल्या जुन्या बाटल्या मे महिन्यात लाईनपायी आधीच मेल्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. एका दिवसात पाणी गढुळायलाही वेळ मिळाला नसणार, म्हणून तुलाही दिसलं नाही. बुधवारी चाळीसच्या चाळीस ताकासारख्या झाल्या.

तू बशीरला विचारत होतीस तेव्हा मी दारात होतो. "किती वेळ ठेवला होता?" तो म्हणाला, वीस मिनिटं. तू म्हणालीस, "नक्की?" आणि तो एक क्षण थांबला. मी त्या क्षणाच्या आड लपलो. मला वाटलं, कदाचित खरंच त्याचं चुकलं असेल. वाटून घेतलं. सभेत बिस्कीट उचललं तेही त्यासाठीच. तोंड रिकामं असतं तर हे बाहेर आलं असतं.

काल हे सगळं प्राचार्यांना लेखी दिलं. प्रत सोबत आहे. गुणवंतरावांनी आवक नंबर टाकला, शिक्का मारला आणि विचारलं, "सर, विषय काय लिहू?" म्हटलं, "हयगय." प्राचार्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "तुमच्यावर काय कारवाई करायची ते मला बघावं लागेल." बघा म्हटलं.

तिथून बशीरकडे गेलो. त्याला उभ्या उभ्याच सांगितलं. तो कुकरची शिटी बसवत होता. पाना खाली ठेवला.

"मंग मी वीस मिनिटं ठेवला होता."

"हो."

"पुरे वीस."

"हो, बशीर."

मी आणखी काही सांगायला लागलो, माफीचंच असावं. नजमा बाहेर आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही आता जा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर थांबलो असतो.

त्याचा पत्ता खाली देतो. मुलाखत अठराला आहे. दाखला त्याला थेट पाठव, माझ्या हातून नको. मला लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

नागसेन


गडचिरोली
३० ऑगस्ट २००३

नूतन,

तुझा दाखला बशीरला बाराला मिळाला. रजिस्टरनं. कॉलेजात त्याची प्रत आली म्हणून मला कळलं. दीड पान आहे. अहवालातला निष्कर्ष चुकीचा होता आणि तो मी मागे घेते, हे वाक्य दोनदा आहे. एकदा पुरलं असतं, पण मी तपासायला बसलेलो नाही. पाकिटात त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठीही होती म्हणे. ती त्यानं मला दाखवली नाही आणि मी विचारलं नाही.

यादी लागली. बशीर पहिला आहे. सोमवारी रुजू होतो. दुकान नजमा चालवणार. प्राचार्यांनी मला लेखी ताकीद दिली आणि परीक्षेच्या कामातून दोन वर्षं वगळलं. इतर प्राध्यापक हेवा करतात.

आणि परवा तुझं कार्ड आलं. नाव नाही, जय भीम नाही, "आपण"सुद्धा नाही. एकच ओळ, "अंजनाबाईला कडू लागली का?"

मला तेव्हा कुठे कळलं. तू त्या शनिवारी नागपूरला गेली होतीस ती मुळ्या तपासून कधी मिळतील ते विचारायला. तपासणी पुढच्या आठवड्यात होणार होती. सात नंबरमध्ये औषध उतरलं की नाही, हे कुठल्याच यंत्रानं कधी पाहिलं नाही. चार वर्षांच्या कामाची एकच परीक्षा झाली, ती एका बाईच्या जिभेवर, आणि तिचा निकाल मी खिशात घालून तीन वर्षं फिरलो. कबुली लिहितानाही तेवढंच लिहायचं राहिलं. ते मला महत्त्वाचं वाटलंच नव्हतं.

ती तेव्हा काय म्हणाली ते मला आठवतं. पण माझ्या आठवणीवर तू का विसंबावं? म्हणून धानोऱ्याची बस धरायचं ठरवलं. जाता जाता बशीरच्या दुकानाशी थांबलो, त्याला कार्ड दाखवलं. त्यानं वाचलं, हात पुसले.

"मी येतो," म्हणाला. "तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर आता काई नाई, सर."

बसमध्ये माझ्याशेजारची जागा रिकामी होती. तो मागे जाऊन बसला. पोलीस कॅम्पाशी सगळ्यांना उतरवून पिशव्या तपासल्या. पुन्हा चढलो तेव्हाही तो मागेच गेला. पुढचा सगळा रस्ता मी काच नसलेल्या खिडकीतून पाऊस अंगावर घेतला.

अंजनाबाई अंगणात काकडीचा वेल मांडवावर चढवत होती. म्हातारी झाली आहे, पण वेलाला बोलते तसंच अजून.

"बाई, बाटलीतली मुळी तुम्ही चाखली होती. आठवतं?"

"काऊन नाई आठवन?"

"कशी लागली होती?"

"आता पुसता?" तिनं वेल सोडला नाही. "वरतून गोड लागली, पह्यले. साखरेचं पानी होतं ना तुमचं. मंग खालून कडू आलं. हळू हळू आलं. धानोऱ्याची बस येईपर्यंत तोंडातून गेलं नाई."

"जंगलातल्यासारखं?"

"हलकं. जंगलातल्यापक्षा हलकं. पन तेच. दुसरं काई नाई, सर्पगंधाच होती." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "केवढ्या झाल्या आता माह्या मुळ्या? पोरगी कुठी हाय?"

मी म्हटलं, "मुळ्या मेल्या, बाई. त्याच आठवड्यात. सगळ्या."

ती मांडवाखालून बाहेर आली. "कशानं? मी तोंड लावलं म्हून?"

मी तोंड उघडलं होतं. खरं बोलायची मला नवी नवी सवय लागली आहे, काय बोललो असतो सांगता येत नाही. पण बशीर आधी बोलला.

"नाई, बाई. तुमचं काई नाई. या सरनं बोळा बराबर नाई लावला."

ती माझ्याकडे वळली. "मास्तर, एवढं शिकले अन् एक बोळा नाई लावता आला?"

"नाही आला, बाई."

"मंग शिकले कायले?"

बशीर जमिनीकडे बघत होता. हसत होता की नाही, दिसलं नाही. बाईनं आत जाऊन आम्हा दोघांना पाणी आणून दिलं, आधी त्याला. मी विचारलं, झाडं आहेत का अजून? चार-पाच आहेत म्हणाली, ओढ्यापलीकडे, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाहीत. एखादं द्याल का, नूतनला पाठवतो, म्हटलं.

"नाई. मास्तरच्या हातानं नाई देत मी. पोरीले म्हना, स्वता ये. अर्धी मुळी देतो तिले."

हा निरोप. मी त्यात काही घालत नाही, तुला काही सुचवत नाही. धानोऱ्याची बस सकाळी साडेसातला सुटते, एवढी माहिती आहे.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर, होय. कडू लागली.

भाऊ

मॅडम, सरनं बराबर लिहिलं आहे. मी समोर होतो. बाई कडूच म्हणाली. — बशीर